बटाटे का शिजले नाहीत?

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने अँडीज पर्वताची प्रचंड रांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. सन 1835 च्या मार्च महिन्यात एक लहानसा तांडा ही रांग ओलांडून चिली देशातील सँतियागो शहराहून पूर्वेकडील मेंडोसा या शहराकडे चालला होता. तांड्यात माणसे तीनच होती. बरोबर दहा खेचरे होती आणि त्या खेचरांना एकत्र ठेवण्यासाठी गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी होती. तिघांपैकी एक होते चार्ल्स डार्विन. पुढे जगप्रसिद्ध झालेले हे निसर्गशास्त्रज्ञ त्या वेळी अवघे सव्वीस वर्षांचे होते आणि 'बीगल' नावाच्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. उरलेले दोघे त्याच मुलखातले. एक वाटाड्या आणि दुसरा खेचरांची निगा राखणारा.

एके रात्री दोन उंच डोंगररांगांच्या मधल्या प्रदेशात तांड्याने मुक्काम केला. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 3300 मीटर उंच होती. झाडझाडोरा जवळजवळ नव्हताच. एका खुरट्या झुडपाची मुळे खणून काढून त्यांचाच जाळ करावा लागला. वारा अंगाला झोंबत होता. बरोबर आणलेले बटाटे भांड्यात घालून भांडे चुलीवर चढवण्यात आले. पाण्याला उकळी फुटली. काही तास लोटले, तरी बटाटे जवळजवळ पहिल्याइतकेच कठीण! भांडे रात्रभर तसेच विस्तवावर ठेवले. सकाळी पाण्याला पुन्हा उकळी आणली. तरीही बटाटे शिजले नाहीत ते नाहीतच.

डार्विन यांच्या दोन्ही सोबत्यांमध्ये या विचित्र प्रकाराची चर्चा सुरू झाली, ती डार्विन यांच्या कानावर पडली. भांडे नवे होते. तेव्हा त्या दोघांनी ठरवून टाकले, की दोष या मेल्या भांड्याचाच. बटाटे शिजवण्याची त्याची इच्छाच दिसत नाही.

हा निष्कर्ष ऐकून हसू येते. तथापि त्या दोघांना अडाणी म्हणून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. बटाटे त्यांनी पूर्वीही शिजवले असतीलच. आताही बटाटे तेच, पाणी तेच आणि विस्तवही तोच. बदललेले असे डोळ्यांना एकच दिसत होते, ते म्हणजे भांडे. जे बदलले, त्याच्यातच कारण शोधावे, हा त्यांचा विचार चुकीचा नव्हता. चूक निराळीच झाली. त्या रात्री आणखी एक गोष्ट बदललेली होती. परंतु ती डोळ्यांना दिसणारी नव्हती. ती कोणती, हे समजण्यासाठी पाणी उकळते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे.

भातासाठी आधण ठेवले असता भांड्याजवळ थोडा वेळ उभे राहून पाहावे. पाणी कोमट होऊ लागते, तेव्हा भांड्याच्या तळाला आणि कडांना मोत्यांसारखे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. हे बुडबुडे वाफेचे नव्हेत. ते हवेचे असतात. पाण्यात नेहमीच थोडी हवा विरघळलेली असते. थंड पाण्यात ती अधिक सामावते, तापलेल्या पाण्यात कमी. म्हणून पाणी तापू लागताच ती बाहेर पडते.

काही वेळाने भांड्यातून सूं सूं असा आवाज येऊ लागतो. पाणी अद्याप उकळलेले नसते, पण जणू ते गाऊ लागते. तळाजवळचे पाणी सर्वांत अधिक तापलेले असते. तेथे वाफेचे खरे बुडबुडे तयार होऊ लागतात. हे बुडबुडे वर जाऊ पाहतात; पण वरचे पाणी अजून पुरेसे तापलेले नसते. त्याचा स्पर्श होताच बुडबुड्यातील वाफेचे पुन्हा पाणी होते आणि बुडबुडा मिटून जातो. असे असंख्य बुडबुडे एकामागून एक मिटत असतात, त्यांचाच तो आवाज. पुढे सगळे पाणी सारखे तापले, म्हणजे तळाचे बुडबुडे न मिटता वाढत वाढत पृष्ठभागापर्यंत पोहोचतात आणि तेथे फुटतात. सूं सूं थांबते आणि खळखळ सुरू होते. हेच उकळणे.

येथे एक शंका निघते. दोरीवर वाळत घातलेल्या धोतराचे पाणीही नाहीसे होतेच. ते काही उकळत नाही. मग पाणी वाळणे आणि पाणी उकळणे यांत भेद कोणता? पाणी हे अतिशय सूक्ष्म कणांचे बनलेले असते. या कणांना रेणू म्हणतात. रेणू सतत हालचाल करत असतात आणि एकमेकांना धरूनही असतात. पृष्ठभागाजवळचा एखादा रेणू अधिक वेगवान असला, तर तो इतरांची ओढ तोडून हवेत निसटतो. याला बाष्पीभवन म्हणतात. ते कोणत्याही तापमानाला आणि केवळ पृष्ठभागावरून होते. उकळताना मात्र पाण्याच्या पोटातच वाफ तयार होते. पाण्याच्या आत वाफेचा बुडबुडा जन्माला येणे, तो टिकणे आणि वाढणे, हेच उकळण्याचे खरे लक्षण होय.

हा बुडबुडा टिकणे सोपे नाही. त्याच्यावर चोहोकडून पाण्याचा दाब असतो आणि त्या पाण्यावर वरून हवेचा दाब असतो. हवा हलकी भासते. परंतु पृथ्वीभोवती तिचे अनेक किलोमीटर जाडीचे आवरण आहे आणि त्याला वजन आहे. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटर जागेवर हवेचा सुमारे 1 किलोग्रॅम भार असतो. पाण्यातील नुकताच जन्मलेला बुडबुडा या दाबाखाली चिरडला जाऊ पाहतो. त्याला फुगवून धरणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे आतल्या वाफेचा दाब.

पाणी जसजसे तापते, तसतसा वाफेचा हा दाब वाढत जातो. दाब मोजण्याची एक जुनी रीत म्हणजे तो पाऱ्याचा किती उंचीचा स्तंभ तोलून धरतो ते पाहणे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचा 76 सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. पाण्याच्या वाफेचा दाब 30 अंश सेल्सिअसला जेमतेम 3 सेंटिमीटर, 60 अंशांना सुमारे 15 सेंटिमीटर, 80 अंशांना सुमारे 35 सेंटिमीटर, तर 90 अंशांना सुमारे 53 सेंटिमीटर असतो. तोवर बाहेरच्या हवेपुढे त्याचे काही चालत नाही. 100 अंशांना तो 76 सेंटिमीटर होतो, म्हणजे हवेच्या दाबाची बरोबरी करतो. त्या क्षणी बुडबुडे चिरडले जाईनासे होतात आणि पाणी उकळू लागते. ज्या तापमानाला द्रवाच्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबाइतका होतो, त्या तापमानाला त्या द्रवाचा उत्कलनबिंदू म्हणतात.

निरनिराळ्या द्रवांचे रेणू एकमेकांना कमी-अधिक जोराने धरून असतात. म्हणून त्यांचे उत्कलनबिंदूही निरनिराळे असतात. समुद्रसपाटीला शुद्ध मद्यार्क 78 अंशांनाच उकळतो. पाऱ्याला मात्र 357 अंशांपर्यंत तापवावे लागते. द्रवरूप नायट्रोजन तर शून्याखाली 196 अंशांना उकळतो. साध्या बर्फाच्या लादीवर तो ओतला, तरी बर्फाच्याच उष्णतेने तो उकळून जातो! यावरून उकळणे म्हणजे चटका बसेल इतके गरम होणे, ही समजूत बरोबर नाही, हे ध्यानात येईल.

उकळण्याची आणखी एक खूण आहे. आधणाला उकळी फुटल्यावर जाळ कितीही वाढवला, तरी उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान 100 अंशांच्या पुढे सरकत नाही. मग वाढवलेल्या जाळाची उष्णता जाते कोठे? अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांनी या प्रश्नाचा छडा लावला. ती उष्णता पाण्याचे तापमान वाढवण्यात खर्च होत नाही. पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तापमापकाला ती दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता असे नाव मिळाले. 1 ग्रॅम पाणी शून्य अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवण्यास 100 उष्मांक लागतात. पण त्याच 100 अंशांच्या पाण्याची 100 अंशांचीच वाफ करण्यास आणखी सुमारे 540 उष्मांक खर्चावे लागतात! वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षाही वाईट असते, ते यामुळेच. वाफेचे त्वचेवर पाणी होताना ही दडलेली सारी उष्णता ती त्वचेला देऊन टाकते.

यातून स्वयंपाकघरात उपयोगी पडणारा एक धडा मिळतो. डाळीला एकदा उकळी आली, की जाळ मोठा ठेवल्याने ती लवकर शिजत नाही. पाणी तेवढे लवकर आटते आणि जळण वाया जाते. मंद जाळावर हलकी उकळी राखली, तरी डाळ तितक्याच वेळात शिजते. कारण पदार्थ शिजतो तो पाण्याच्या तापमानाने, खळखळाटाने नव्हे.

आता अँडीज पर्वतावरील त्या भांड्याकडे वळण्यास हरकत नाही. उंचावर गेले असता हवेचा काही भाग खाली राहतो आणि डोक्यावरची हवा कमी होते. अर्थात तिचा दाबही कमी होतो. आज हे उघड वाटते. पण सतराव्या शतकात ते सिद्ध करून दाखवावे लागले. हवेचा दाब पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो, असे इटलीतील टॉरिसेली यांनी सांगितले होते. तसे असेल, तर डोंगरावर हा स्तंभ कमी भरला पाहिजे, असा विचार फ्रान्समधील पास्कल यांनी केला. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे पेरिये यांनी 19 सप्टेंबर 1648 रोजी प्वी द डोम या डोंगरावर हा प्रयोग केला. त्यांनी पाऱ्याच्या दोन नळ्या घेतल्या. डोंगराच्या पायथ्याशी दोन्हींतील पारा अगदी सारख्या उंचीवर असल्याची खात्री करून घेतली. मग एक नळी पायथ्याच्या मठातच ठेवली आणि तिच्यावर दिवसभर नजर ठेवण्यास एका साधूला बसवले. दुसरी नळी घेऊन ते वर चढले. शिखरावर पारा सुमारे 8 सेंटिमीटर खाली उतरला! परत आल्यावर साधूने सांगितले, की खालच्या नळीतील पारा दिवसभर जराही हलला नाही. त्यामुळे हा फरक हवामान बदलल्याने पडला, असे म्हणण्यास जागाच उरली नाही. बदल घडला तो उंचीमुळेच.

डार्विन यांचा मुक्काम होता, तितक्या उंचीवर हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे 50 सेंटिमीटर स्तंभाइतकाच भरतो. वाफेला तितका दाब गाठण्यासाठी 100 अंशांची आवश्यकता नाही. सुमारे 89 अंश पुरेत. तेव्हा त्या भांड्यातील पाणी 89 अंशांच्या आसपासच उकळू लागले असले पाहिजे. एकदा उकळी फुटल्यावर त्याचे तापमान पुढे जाणे शक्यच नव्हते. बटाट्याच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे द्रव्य सैल पडले, म्हणजे बटाटा मऊ होतो. ही क्रिया तापमान थोडेसे उतरले तरी फारच मंदावते. त्यात मुळांचा तो दुबळा जाळ आणि बोचरा वारा. मग बटाटे रात्रभरात शिजले नाहीत, यात नवल ते काय? डार्विन यांनी या घटनेचे हेच कारण आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे. पाणी उकळले होते, यात शंका नाही. पण ते खालच्या मुलखातल्याइतके गरम झाले नव्हते.

साधारणपणे दर 300 मीटर चढले, की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे 1 अंशाने उतरतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटर उंच आहे. तेथे पाणी सुमारे 94 ते 95 अंशांना उकळते. सुमारे 3500 मीटर उंचीवरील लेह येथे ते 88 अंशांच्या जवळपास आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तर सुमारे 70 अंशांनाच उकळते.

बटाट्यांना कच्चे ठेवणाऱ्या या निसर्गनियमाने माणसाची मोठी सेवाही केली आहे. फॅरनहाइट या शास्त्रज्ञांनी 1724 साली दाखवून दिले होते, की पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो. तेव्हा त्यावरून हवेचा दाब ओळखता येईल. दाब कळला, की उंचीचा अंदाज बांधता येतो. मग डोंगराची उंची मोजण्यासाठी प्रवाशाला हवी तरी काय? एक तापमापक, थोडे पाणी आणि विस्तव! याच युक्तीचा उपयोग कुमाऊँचे पंडित नैनसिंग रावत यांनी केला. त्या काळी तिबेटमध्ये परकीयांना मज्जाव होता. भारताच्या सर्वेक्षण खात्याने नैनसिंगांना वेष पालटून तेथे पाठवले. त्यांच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते; ठरावीक पावले झाली, की ते एक मणी ओढत आणि अंतर मोजत. तापमापक त्यांनी आपल्या काठीत लपवला होता. 1866 च्या जानेवारीत ते ल्हासा येथे पोहोचले आणि पाणी उकळून, त्याचे तापमान पाहून, त्यांनी त्या नगराची उंची काढली. चुलीवर पाणी ठेवणाऱ्या त्या यात्रेकरूचा संशय तरी कोणाला यावा?

दाब उतरला की उत्कलनबिंदू उतरतो, याची प्रचिती डोंगर न चढताही घेता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी करून दाखवण्याजोगा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. उष्णता सोसणारा, गोल बुडाचा काचेचा मजबूत चंबू अर्धा पाण्याने भरून पाणी काही मिनिटे उकळू देतात. वाफेबरोबर चंबूतील बहुतेक हवा निघून जाते. मग चंबू विस्तवावरून उतरवतात. उकळणे थांबले, की लगेच त्याच्या तोंडाला घट्ट बूच बसवून तो उलटा धरतात. पाणी आता स्तब्ध असते. यानंतर चंबूच्या वर झालेल्या बुडावर थंड पाणी ओततात, आणि काय आश्चर्य! आतले पाणी पुन्हा खळखळू लागते. विस्तव नाही, वर थंड पाण्याची धार, आणि आत उकळी! याचे कारण असे, की थंडाव्याने चंबूतील वाफेचे पाणी होते आणि आतला दाब एकाएकी उतरतो. पाणी पूर्वीपेक्षा थोडे थंडच झालेले असते. पण त्याच्यावरचे ओझे त्याहूनही अधिक घटलेले असते. हा प्रयोग मुलांनी एकट्याने करू नये; काच फुटून इजा होण्याचा संभव असतो.

ओझे कमी केल्याने पाणी लवकर उकळते, तर ओझे वाढवल्यास काय होईल? हा उलटा विचार डार्विन यांच्या प्रवासापूर्वी दीडशे वर्षे एका फ्रेंच माणसाने केला होता. त्यांचे नाव देनी पापँ. लंडनमध्ये असताना 1679 साली त्यांनी जाड धातूचे, घट्ट झाकणाचे एक भांडे तयार केले. आतली वाफ बाहेर पडू न शकल्याने भांड्यातील दाब वाढे, दाबाबरोबर उत्कलनबिंदू वर चढे आणि पाणी 100 अंशांहून पुष्कळच अधिक तापे. त्यात कठीण हाडेसुद्धा मऊ होत. दाब फाजील वाढून भांडे फुटू नये, म्हणून पापँ यांनी त्याला वजनाने दाबून धरलेली एक झडप बसवली. दाब मर्यादेबाहेर गेला, की ती उचलली जाई आणि वाफ निसटे. 1682 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्यांनी या भांड्यात शिजवलेले भोजनही दिले. अँडीजवरील त्या रात्रीची हकीकत लिहिताना डार्विन यांना याच भांड्याची आठवण झाली. तिथला प्रकार अगदी याच्या उलट होता.

घरोघरी शिट्या देणारा प्रेशर कुकर हा पापँ यांच्या भांड्याचाच वंशज होय. त्याच्या आत दाब बाहेरच्या सुमारे दुप्पट होतो आणि पाण्याचे तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत जाते. म्हणून हट्टी तूरडाळही थोड्या वेळात शिजते. उंच पर्वतावर राहणाऱ्या लोकांना तर तो विशेष उपयोगी पडतो. खालच्या मुलखातून मागे राहिलेली हवा तो जणू झाकणाखाली परत आणून देतो. वाफ निवण्यापूर्वी त्याचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाब एकदम उतरताच आतले अतितप्त पाणी क्षणात उसळून उकळते आणि अंगावर येते.

याच तत्त्वावर रुग्णालयात माणसांचे प्राण राखले जातात. काही जंतूंची बीजे इतकी चिवट असतात, की साध्या उकळत्या पाण्यातही ती जिवंत राहतात. लुई पाश्चर यांचे सहकारी चेंबरलँड यांनी 1879 साली दाबाखालील वाफेने उपकरणे निर्जंतुक करण्याचे यंत्र तयार केले. त्यात 121 अंशांच्या वाफेत शस्त्रक्रियेची हत्यारे सुमारे 15 मिनिटे ठेवली, की ही बीजेही नष्ट होतात.

उलटपक्षी, दाब मुद्दाम कमी करण्याचेही लाभ आहेत. गुऱ्हाळात उसाचा रस उघड्या काहिलीत आटवतात. रस जसजसा दाट होतो, तसतसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो आणि गूळ होताना तो 115 अंशांच्याही वर जातो. त्या उष्णतेने रसाला तांबूस रंग आणि गुळाचा तो खमंग वास येतो. पांढरी साखर हवी असल्यास मात्र ही भाजणी चालत नाही. इंग्लंडमधील एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी 1813 च्या सुमारास बंद भांड्यातील हवा पंपाने काढून घेऊन त्यात साखरेचा पाक उकळण्याची रीत शोधली. दाब कमी झाल्याने पाक 60 ते 70 अंशांच्या आसपासच उकळतो, आटतो, पण करपत नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू केले, आणि त्यानंतर महाराष्ट्रात साखर कारखाने ठिकठिकाणी उभे राहिले. त्यांतील साखरेचे दाणे अशाच निर्वात भांड्यांत धरतात.

अशा रीतीने उकळणे ही केवळ विस्तवाची करणी नाही. विस्तव पाण्याच्या अंगी जोर आणतो हे खरे. पण तो जोर केव्हा पुरा पडेल, हे वरचे ओझे ठरवते. पर्वतावर ते ओझे हलके होते, कुकरमध्ये जड होते आणि साखरेच्या निर्वात भांड्यात जवळजवळ काढूनच घेतलेले असते. पाणी एकच, विस्तव एकच. पण प्रत्येक ठिकाणची उकळी निराळी.

अँडीजवरील ते दोघे सोबती रात्रभर ज्या हवेत कुडकुडत बसले होते, ती विरळ हवाच त्यांच्या बटाट्यांना कच्चे ठेवत होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती. नवे भांडे तेवढे दिसत होते. म्हणून बोल भांड्याला लागला. तेच भांडे त्यांनी डोंगर उतरल्यावर पुन्हा चुलीवर चढवून पाहिले असते, तर त्याची निर्दोषता आपोआप सिद्ध झाली असती. पेरिये यांनी पाऱ्याची एक नळी खाली मठात ठेवली होती, ती अशाच पडताळ्यासाठी. एखादी गोष्ट बिघडली असता समोर दिसणाऱ्या पहिल्याच वस्तूवर दोष ठेवणे सोपे असते. ती वस्तू तशीच ठेवून बाकीचे बदलून पाहणे, याला थोडे कष्ट पडतात. ते कष्ट घेतले, की भांड्यावरचा आळ दूर होतो आणि हवेचे रहस्य हाती येते.